पणजोबांचा शोध आणि वर्ध्याचे दप्तर

ज्या कुटुंबातील एखादा पुरुष तीन-चार पिढ्यांपूर्वी गाव सोडून परागंदा झाला आणि ज्याचे नाव आज घरातील एखाद्या वृद्ध आत्याच्या स्मरणाखेरीज कोठेही उरलेले नाही, अशा कुटुंबातील शिकल्यासवरल्या मुलाच्या मनात कधी ना कधी असा विचार आल्यावाचून राहत नाही, की ज्या सरकारने दर दहा वर्षांनी घरोघर माणसे पाठवून बायामुलांसह प्रत्येक जीवाची नोंद केली, त्या सरकारच्या दप्तरात आपल्या पणजोबांचे नाव कोठे तरी असलेच पाहिजे. वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे, तर या विचाराला आधारही सबळ आहे. नागपूर जिल्ह्यातून फोडून हा जिल्हा १८६२ मध्ये स्वतंत्र करण्यात आला. त्याचे ठाणे आरंभी पुलगावजवळील कवठा येथे होते. पुढे पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर वसविण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मध्यप्रांतातील पहिली खानेसुमारी झाली. त्यानंतर १८७२ मध्ये, पुन्हा १८८१ मध्ये, आणि तेथून पुढे २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी या जिल्ह्यातील माणसे मोजली गेली आहेत. इतक्या वेळा मोजलेला मनुष्य हरवतो कसा, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

इंग्लंडात हा प्रश्न पडत नाही. तेथे मोजणीचे मूळ घरवार तक्ते शंभर वर्षे बंद ठेवून मग लोकांना खुले करतात. १९२१चे तक्ते २०२२च्या जानेवारीत खुले झाले. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. सर्वत्रच कागद टिकले असे मात्र नाही. आयर्लंडचे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक तक्ते १९२२च्या यादवीत डब्लिनच्या दप्तरखान्याबरोबर भस्मसात झाले, आणि १८६१ ते १८९१ पर्यंतचे तर सरकारनेच नष्ट करविले. तरीही १९०१ व १९११ या दोन वर्षांचे तक्ते सुरक्षित असल्यामुळे आयरिश माणसाला आपला पणजोबा कोणत्या घरी, कोणाकोणासह राहत होता हे आज वाचता येते. वर्ध्याच्या माणसाला त्याच १९०१ सालचा आपला पणजोबा खानेसुमारीत सापडणार नाही. तो मोजला गेला, एवढे मात्र निःसंशय. आणि तो कसा मोजला गेला हे समजून घेतल्यावाचून तो का सापडत नाही हेही उमजणार नाही.

त्या काळची मोजणी एका रात्रीची असे. लग्नसराई, मोठ्या यात्रा आणि सण टाळून, शक्यतो चांदण्याची रात्र पाहून तिथी ठरविली जाई. १८८१ मध्ये १७ फेब्रुवारी, १८९१ मध्ये २६ फेब्रुवारी, १९०१ मध्ये १ मार्च, १९११ मध्ये १० मार्च. त्याच्या कित्येक आठवडे आधी गावातील प्रत्येक घरावर क्रमांक घातला जाई, आणि पटवारी, शाळामास्तर किंवा गावातील कोणी साक्षर गृहस्थ घरोघर जाऊन कच्चा तक्ता काळ्या शाईने भरून ठेवी: नाव, धर्म, जात, पुरुष की स्त्री, विवाहित, अविवाहित की विधुर अथवा विधवा, वय, धंदा, जन्माचा जिल्हा, भाषा, लिहिता-वाचता येते की नाही. नियोजित रात्री तोच मोजणीदार दिवा घेऊन पुन्हा तीच घरे फिरे; जो मधल्या काळात मेला अथवा परगावी गेला त्याच्या नावावर तांबडी रेघ ओढी, जो नव्याने आला वा जन्मला त्याची भर तांबड्या शाईने घाली. म्हणजे त्या रात्री वर्ध्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलेला हिंगणघाटचा मजूर हिंगणघाटच्या घरातून वगळला जाई आणि जेथे होता तेथे धरला जाई. या तक्त्यांत नाव होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे काय झाले ते शोचनीय आहे. तक्ते मोजणी-कचेरीत एकत्र येत, तेथे १९०१ पासून प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी तयार होऊ लागली, चिठ्ठीच्या कागदाचा रंग धर्मावरून ठरे, स्त्री-पुरुष व विवाहस्थिती खुणांनी दाखवीत, आणि मग त्या चिठ्ठ्यांच्या गड्ड्या खणाखणांच्या कप्प्यांत वाटून मोजण्यात येत. एकदा आकडे निघाले, कोष्टके छापली गेली, की मूळ तक्त्यांचे प्रयोजन संपले असे मानून ते रद्दीत गेले अथवा नष्ट करण्यात आले. सरकारला माणसांची संख्या हवी होती. माणसे कोण होती याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

त्या कोष्टकांचाही उपयोग आहे, आणि तो क्षुल्लक नव्हे. १८९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख होती. १९०१ मध्ये ती ३ लाख ८५ हजारांच्या आसपास उतरली, म्हणजे दहा वर्षांत शेकडा ४ इतकी घट झाली. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० (संवत १९५६, म्हणून ‘छपन्नाचा’) असे दोन दुष्काळ पडून गेले होते. ज्याच्या घरात ‘आमचे पणजोबा छपन्नाच्या दुष्काळात निघून गेले’ अशी कथा चालत आली आहे, त्याला या घटीत आपल्या घराण्याची कथा ओळखू येते. परंतु त्या हरवलेल्या हजारांतील एकाचेही नाव कोष्टक सांगत नाही. मध्यप्रांताच्या १९०१च्या खानेसुमारीचे प्रमुख रसेल यांनीच पुढे १९०६ मध्ये वर्धा जिल्ह्याचे गॅझेटियर सिद्ध केले, आणि रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. या ग्रंथांत जातींचे आचारविचार, पोटजाती, कुळे आणि व्यवसाय यांची माहिती विपुल सापडते. पूर्वज कोणत्या जगात वावरला हे त्यांवरून कळते, तो स्वतः भेटत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळाबद्दल आशा धरावी, तर तेथेही मार्ग बंद आहे. १९४८च्या जनगणना कायद्याच्या १५व्या कलमान्वये जनगणनेची नोंदवही पाहण्याचा हक्क कोणासही नाही, आणि त्या कायद्याखालील गुन्ह्याचा खटला सोडला तर तीतील नोंद न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. घरातील माहिती सांगताना माणसाला सरकारी चौकशीचे भय वाटू नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. तथापि कोणत्याही मुदतीनंतर ती खुली करण्याची तरतूद नसावी, हे मला अन्याय्य वाटते. शंभर वर्षांनंतर कोणाचे गुपित राखायचे उरते? १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून होणाऱ्या जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद व्हावयाची आहे, आणि तिच्यातील नावेही आपल्या पणतवंडांना याच नियमाने अदृश्य राहणार आहेत.

तेव्हा शोध घ्यावयाचा तो अन्य दप्तरांत. त्यासाठी पहिली आवश्यकता अशी, की पूर्वजाचा गाव त्या काळी कोणाच्या राज्यात आणि कोणत्या तहसिलीत होता हे निश्चित व्हावे. वर्ध्याची भूमी भोसल्यांकडून १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेली, १८६१ मध्ये मध्यप्रांतात आली, १९५० मध्ये मध्यप्रदेश राज्यात मोडली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आली. प्रत्येक संक्रमणात कायदे बदलले, नमुने बदलले, काही कागद राजधानीबरोबर हलले. आज जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. इंग्रजी अमदानीत वर्धा, आर्वी व हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या. समुद्रपूरच्या माणसाने समुद्रपुरातच शोधत राहिल्यास जुने कागद हाती लागावयाचे नाहीत. आणखी एक अडचण या भागात विशेषेकरून येते. पूर्वजाचा म्हणून सांगितलेला गाव नकाशावर असतो, त्याला मौजा म्हणून नावही असते, परंतु तेथे वस्ती नसते. कागदोपत्री त्यास रीठ किंवा बेचिराग गाव म्हणतात. पटकीच्या साथीने, पाण्याच्या दुर्भिक्षाने अथवा नदीच्या पुराने उठून लोक शेजारच्या मौजात राहावयास गेले, शेते मात्र जुन्याच मौजाच्या नावाने राहिली. अशा गावचा पूर्वज शोधताना दोन्ही मौजांची दप्तरे चाळावी लागतात.

या जिल्ह्याचे सर्वांत समृद्ध दप्तर जमीनमहसुलाचे. भोसल्यांच्या काळात पाटील हा वसुली करून देणारा गावचा मुख्य; इंग्रजांनी १८६०च्या दशकातील महसुली बंदोबस्तात त्यालाच गावाचा मालक ठरवून मालगुजार केले. वर्ध्याच्या त्या पहिल्या बंदोबस्ताचे काम रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने पाहिले, जो पुढे कापसाचा कमिशनर झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तांत गावोगावच्या मिसली अधिकाधिक तपशीलवार होत गेल्या. खेवटीत मालगुजार व त्याचे हिस्सेदार, जमाबंदीत प्रत्येक कास्तकार, त्याच्या बापाचे नाव, जात, वहिवाटीची शेते, त्यांचा सारा; खसऱ्यात शेतागणिक पीक; वाजिब-उल-अर्जात गावच्या चालीरीती, चराईचे व सरपणाचे हक्क. ज्याने स्वतःची जमीन मालकीहक्काने सांभाळली तो मालिक-मकबुजा, ज्याला वहिवाटीचा वंशपरंपरागत हक्क होता तो मौरूसी, आणि बाकीचे साधे कास्तकार. हा भेद वंशशोधकाला फार मोलाचा आहे. कारण मौरूसी हक्क बापाकडून मुलाकडे उतरत असल्यामुळे दर फेरफाराला मृताचे नाव खारीज होऊन वारसाचे दाखल होई, आणि या दाखल-खारिजीच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या असता चार पिढ्यांची साखळी आपोआप उभी राहते. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली आणि त्यानंतर १९५४-५५च्या सुमारास गावोगावचे अधिकार अभिलेख नव्याने तयार झाले. माझ्या मते शोधाचा आरंभ याच अभिलेखापासून करावा; तो सुवाच्य आहे, आजच्या सात-बाराशी जुळवून घेता येतो, आणि तेथून एकेक पायरी मागे उतरणे सोपे जाते.

या कागदांत माणूस आडनावाने क्वचितच भेटतो. ‘लटारू वल्द डोमा, जात कुणबी, साकीन मौजा अमुक’ एवढाच त्याचा परिचय. बायको असेल तर ‘जौजे’, विधवा असेल तर ‘बेवा’ म्हणून तिचे नाव पतीच्या नावापुढे येते. एकाच गावात तीन लटारू आणि त्यांतील दोघांचे बाप डोमा असणे ही काही असंभाव्य गोष्ट नव्हे, आणि तेथे केवळ शेताच्या क्रमांकावरूनच आपला कोणता हे ठरते. मुले जगत नसली म्हणजे दृष्ट लागू नये यास्तव उकंडा, कचरू, दगडू अशी नावे ठेवीत. तोच मुलगा पुढे प्रतिष्ठित झाल्यावर दप्तरात वेगळ्या नावाने येऊ शकतो. सेलूकर, देवळीकर, आर्वीकर अशी आडनावे ज्यांना चिकटली त्यांचे पूर्वज त्या गावांहून बाहेर पडल्यावरच ती चिकटली असणार, म्हणून आडनाव हाच येथे स्थलांतराचा पहिला दाखला समजावा. वयावर तर विश्वास ठेवूच नये. वीस, पंचवीस, तीस, चाळीस अशा गोल आकड्यांत वय सांगण्याची रीत सार्वत्रिक होती, आणि खानेसुमारीचे अधिकारीही आपल्या अहवालांतून तिच्याविषयी वारंवार तक्रार करीत.

साखळी तुटते ती बहुधा दत्तकाच्या जागी. वर्ध्याचे सर्वपरिचित उदाहरण जमनालाल बजाज यांचे. त्यांचा जन्म १८८९ मध्ये राजपुतान्यातील सीकरजवळच्या काशी का बास या गावी कनीराम यांच्या घरी झाला, आणि वर्ध्याचे सेठ बच्छराज यांनी त्यांना बालपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. त्यांचे चरित्र प्रसिद्ध असल्यामुळे हा दुवा आपणांस ठाऊक आहे. परंतु तशाच रीतीने दत्तक गेलेल्या एखाद्या सामान्य कास्तकाराचे जन्मदाते कुटुंब वर्ध्याच्या दप्तरात शोधणाऱ्याला एका पिढीमागे अकस्मात परके घराणे लागते आणि तो चकित होतो. घरजावयाच्या बाबतीत असेच घडते, आणि पाट लागून आलेल्या स्त्रीच्या पहिल्या घरच्या मुलांच्या बाबतीतही.

आता ज्याच्याजवळ जमीनच नव्हती त्याचे काय? सालदार, रोजमजूर, गुराखी, कापूस वेचणाऱ्या बाया, विणकर, भटके यांची नावे खेवटीत नाहीत आणि जमाबंदीतही नाहीत. सरकारला जो सारा देत नाही त्याला सरकार लिहून ठेवीत नाही, हा महसुली दप्तराचा धर्मच आहे. या माणसांना लिहिले ते कोतवालाच्या बुकात. गावचा कोतवाल हा बहुशः महार असे. गावात जन्मलेल्या व मेलेल्या प्रत्येकाची खबर ठेवावी आणि ठरलेल्या दिवशी ठाण्यावर जाऊन ती द्यावी, हे त्याचे कर्तव्य होते. तो स्वतः निरक्षर असला तर पाटील, मास्तर अथवा दुसरा कोणी त्याच्यासाठी बुक लिही. या बुकात मालगुजाराचा नातू आणि त्याच्याच सालदाराचा मुलगा एका पानावर, एकाखाली एक, सारख्याच आकाराच्या रकान्यांत येतात. संपूर्ण जिल्ह्यात असे समतेचे दप्तर दुसरे नाही, आणि ते त्या माणसाच्या पायपिटीतून सिद्ध झाले ज्याला गावाने विहिरीवर पाणी भरू दिले नाही. वंशशोधकाने हे विसरू नये असे मला मनापासून वाटते.

कोतवाल बुकाचे वाचन कष्टाचे आहे. जन्मनोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते, कारण नोंद बारशापूर्वीची. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढे लिहून पुढे बापाचे नाव व जात येते. मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो, पण त्यात ताप, पटकी, देवी, हगवण असे थोडकेच शब्द पुन्हा पुन्हा फिरतात. १९१८च्या हिवाळ्यातील मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीतही मृत्यूचे कारण ‘ताप’ असेच पडलेले आढळावयाचे. तरीसुद्धा त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाने इतर कोणत्याही पानांहून गच्च असतात, आणि ज्या घरातील तीन-चार माणसे पंधरवड्यात गेली त्या घराचे उरलेले मूल मामाच्या गावी वाढले असावे, असा तर्क तेथून बांधता येतो. ‘परागंदा’ म्हणून सांगितलेला पूर्वज कित्येकदा परागंदा नसतोच; तो साथीत गेलेला असतो आणि सांगावयाला कोणी उरलेले नसते.

जो खरोखरच बाहेर पडला त्याचा माग रेल्वे व कापूस यांच्या वाटेने काढावा. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोचली, पुढे १८७०च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाकडे फाटा गेला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, पुलगाव व हिंगणघाट येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. गाव सोडणारा मनुष्य प्रथम याच ठिकाणी जाई, आणि तेथे त्याचे मूल शाळेत गेले तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव, पालकाचे नाव, जात, जन्मतारीख व मूळ गाव यांची नोंद पडे. तीर्थाच्या ठिकाणी, विशेषतः त्र्यंबकेश्वर, प्रयाग व गया येथे, क्षेत्रोपाध्यांच्या बह्यांत यजमानाच्या हस्ताक्षरासह घराण्याची नामावळी उतरविलेली असते. ज्या कुटुंबाला यात्रेचे सामर्थ्य होते त्याने तेथे अवश्य पाहावे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या ठाण्यावर मोर्चा गेला व गोळीबार झाला, त्यानंतर त्या टापूतून जे पुरुष ‘गेले’ त्यांतील कित्येकांचा पत्ता तुरुंगांच्या नोंदींत लागतो. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी याच नोंदींचे दाखले पुढे काढावे लागले.

समुद्रापार गेलेल्यांची गोष्ट निराळी आहे. मॉरिशसला गिरमिटाने गेलेल्या सुमारे साडेचार लाख हिंदी लोकांची नोंद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहे. त्यांत मुंबईहून गेलेले मराठीही आहेत, आणि नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, गाव, जहाज एवढा तपशील तेथे मिळतो. पुढच्या काळातील कित्येकांची तर छायाचित्रेही. उसाच्या मळेवाल्याने करार करून नेलेला मजूर त्याला पळून जाऊ द्यावयाचा नव्हता, म्हणून तो इतक्या बारकाईने लिहिला गेला. परिणामी आज मॉरिशसमधील मराठी माणसाला आपल्या पणजोबांचा चेहरा दिसू शकतो, आणि त्याच वेळी गावातच राहिलेल्या भूमिहीन भावाच्या वंशजाला पणजोबाच्या नावाचीही शाश्वती नसते.

अलीकडे या शोधाला जिज्ञासेहून निकडीचे कारण मिळाले आहे. जातवैधतेसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ या तिथींपूर्वीचा पुरावा लागतो, आणि तहसील कचेरीतून मिळणारी कोतवाल बुकाची नक्कल हा त्यांतील एक प्रमुख कागद. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून राज्यभर जुन्या दप्तरांची पाने उलटली जात आहेत. ज्याला नक्कल काढावयाची आहे त्याने केवळ आपल्या नावाच्या ओळीची नक्कल घेऊन थांबू नये. त्या वर्षीची त्या गावाची सबंध पाने उतरून घ्यावीत, कारण शेजारी कोण होते, एकाच आठवड्यात कोणाकडे मृत्यू झाले, कोणत्या घरी पाहुणी म्हणून आलेली लेक बाळंत झाली, यांवरूनच पुढचा दुवा हाती येतो. स्त्रियांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदले, सासरच्या दप्तरात ती कोणाची तरी ‘जौजे’ होई. परंतु पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल असल्यामुळे माहेरच्या कोतवाल बुकात जावयाचे नाव व गाव लिहिलेले सापडते, आणि त्या एका ओळीवरून पणजीचे घराणे उलगडते.

जुन्या कागदांच्या छायाप्रती काढण्याचे काम ठिकठिकाणी चालले आहे, आणि त्यात साहजिकच जमिनीच्या कागदांना अग्रस्थान मिळते, कारण त्यांवर आजचे हक्क व वाद अवलंबून आहेत. परंतु जमिनीच्या कागदाची प्रत तलाठ्याकडे नसली तर भूमी अभिलेख कचेरीत, तेथे नसली तर जिल्ह्याच्या अभिलेखागारात अथवा नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारात मिळण्याचा संभव तरी असतो. कोतवालाचे बुक एकदा वाळवीने खाल्ले की त्या गावच्या भूमिहीनांना दुसरे दप्तर नाही. यास्तव आर्वी, हिंगणघाट आणि वर्धा या तीन जुन्या तहसिलींतील जी कोतवाल बुके आज उरली असतील त्यांची गाववार यादी आधी व्हावी, छायाप्रतीही प्रथम त्यांच्याच निघाव्यात, आणि जमाबंदीची पाळी त्यानंतर यावी.